झटक्यात उघडणारं, पण भलत्याला न उघडणारं: हँडगनच्या लॉकचं काम शिकू पाहणाऱ्यांसाठी

हँडगनचं लॉक डिझाइन करायचं म्हटलं की नवीन आलेलं पोरगं सगळ्यात आधी फिंगरप्रिंट सेन्सरचा भाव काढतं. मग ब्लूटूथ, मग मोबाइल ॲप. लॅच (पेटी बंद धरून ठेवणारी खिट्टी) कुठे अडकेल, स्प्रिंग किती ताणाची घ्यायची, सेल संपला तर पेटी उघडी राहील की बंद, हे प्रश्न फार उशिरा सुचतात. मी जळगावच्या एमआयडीसीत एका छोट्या डिझाइन ऑफिसात लॅच, लॉक आणि कुलूपबंद पेट्यांचं काम करते. त्यातल्या काही पेट्या आणि ट्रिगर लॉक (ट्रिगरवर बसून तो दाबू न देणारं कुलूप) हँडगनसाठी असतात. बराचसा माल अमेरिकेला पाठवणाऱ्या गिऱ्हाइकांचा, थोडा इथल्या परवानाधारकांसाठीचा. कॉलेजची मुलं हल्ली येऊन विचारतात, म्हणून हे एकदाच नीट लिहून ठेवते.

खानदेशात हे काम सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘मग वरणगावला लागली का?’ नाही. वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत काडतुसं बनतात आणि भुसावळच्या फॅक्टरीत पेट्या-कंटेनर. २०२१ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या कंपन्या झाल्या, तेव्हा वरणगाव म्युनिशन्स इंडियाकडे गेलं आणि भुसावळ यंत्र इंडियाकडे. परवानाधारकांकडे दिसणारी .३२ ची सरकारी रिव्हॉल्व्हरं कानपूरची असतात. दुसरा प्रश्न चोपडा-शिरपूरकडचे लोक हसत हसत विचारतात: ‘कट्ट्याला लॉक कोण लावणार ताई?’ सातपुड्यापलीकडून येणारा गावठी कट्टा पोलिसांच्या अखत्यारीतला विषय. त्याला आपण काही करू शकत नाही, करायचंही नाही.

कायद्याची सीमा मात्र पहिल्याच दिवशी समजून घ्या. शस्त्र कायदा १९५९ च्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही येतात, आणि कलम ५ प्रमाणे शस्त्र बनवायला, विकायला, दुरुस्त करायला किंवा तपासायला परवाना लागतो. बाहेरून बसणारं ट्रिगर लॉक, केबल लॉक (शस्त्रातून ओवायच्या जाड तारेचं कुलूप) किंवा पेटी यांत शस्त्राला हात लागत नाही. हॅमर (काडतूस उडवणारा ठोका देणारा भाग) किंवा सिअर (हॅमरला अडवून धरणारी खिट्टी) यांच्याजवळ आत बसणारं लॉक डिझाइन करायला निघालात, तर ते परवाना असलेल्या कारखान्याचं काम. घरी थ्रीडी प्रिंटरवर ‘फक्त माप घ्यायला’ हुबेहूब पिस्तूल छापण्याचा मोह टाळा. शस्त्र नियम २०१६ मध्ये प्रतिकृतींचाही विचार केलेला आहे. आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या पट्टीतून वायरकट करून (तारेने कापून) काढलेली, ट्रिगर गार्डच्या (ट्रिगरभोवतीच्या कडीच्या) आतल्या आकाराची गेजं, म्हणजे माप तपासायचे नमुने, आहेत. खरं शस्त्र लागतं तेव्हा आम्ही परवानाधारक डीलरच्या दुकानात जातो, तो स्वतः ते रिकामं करून दाखवतो आणि मगच समोर ठेवतो.

आता मुद्द्याचं. ‘झटपट’ आणि ‘सुरक्षित’ या एकमेकींना खेचणाऱ्या मागण्या आहेत, आणि नवशिके सुरुवात कायम झटपटपासून करतात. मी उलटं करायला सांगते. हे लॉक कोणी उघडता कामा नये, हे आधी लिहून काढा: चार वर्षांचं मूल, बारा वर्षांचा मुलगा, घरकामाला येणारी बाई की दुकान फोडणारा चोर? चौघांसाठी चार वेगळी लॉकं होतात. चोराला पेटी उघडायचीच नसते, तो पेटी उचलून नेतो. त्याच्यासाठी भिंतीतला बोल्ट महत्त्वाचा. लहान मुलाच्या बाबतीत लोक म्हणतात, ‘रिव्हॉल्व्हरचा घोडा इतका जड असतो, त्याच्याने ओढला जाणारच नाही.’ १९९५ मध्ये अमेरिकेत एका अभ्यासात मुलांच्या बोटांची ताकद मोजली होती. दोन्ही तर्जन्या लावून दहा पौंडांचा, म्हणजे साडेचार किलोंचा ताण तीन-चार वर्षांच्या मुलांपैकी सुमारे चौथा हिस्सा देऊ शकत होता, आणि सात-आठ वर्षांच्यांपैकी जवळजवळ नव्वद टक्के. ट्रिगर जड आहे म्हणून लॉक हलकं चालेल, हा हिशेब इथेच निकालात निघतो.

बारा वर्षांच्या मुलाचा हिशेब आणखी वेगळा. पाच बटणांचं यांत्रिक लॉक घ्या: सेल नाही, सर्किट नाही, प्रत्येक बटण जास्तीत जास्त एकदा वापरायचं, एकटं किंवा इतर बटणांसोबत एकदम. एकूण जुळण्या १,०८२ होतात आणि त्यात काहीच न दाबण्याचीही एक धरलेली आहे. (कागदावर मांडून पाहा. आमच्याकडे मुलाखतीला हे गणित देतात.) उरल्या १,०८१. एका प्रयत्नाला पाच सेकंद धरले तर सगळ्या जुळण्या दीड तासात संपतात. मे महिन्याची सुट्टी, घरात मोठं कोणी नाही, अशा पोराला दीड तास म्हणजे काय? चिमुकल्यासाठी मला हे लॉक फार आवडतं, मोठ्या मुलासाठी एकट्याने पुरेसं वाटत नाही. इलेक्ट्रॉनिक कीपॅडला चार आकड्यांचे दहा हजार कोड मिळतात, आणि काही चुकांनंतर थोडा वेळ बंद राहण्याची सोयही. पण माणूस कोड ठेवतो मुलाच्या जन्मसालाचा, आणि तो सगळ्यात आधी त्या मुलालाच सुचतो.

यानंतर येते मूळ अवस्था. लॉकला काहीच सांगितलेलं नाही, सेटिंग झालेलं नाही, सेल नवा घातलाय, अशा वेळी ते काय करतं? २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगामार्फत बोटांच्या ठशाने उघडणाऱ्या सुमारे ६१ हजार गन सेफ परत मागवल्या गेल्या. नोंद न केलेल्या बोटानेही पेटी उघडल्याच्या तक्रारी होत्या, आणि एका बारा वर्षांच्या मुलाच्या मृत्यूवरून खटलाही दाखल झाला होता. पेटी पहिल्यापासून कोणत्याही बोटाला उघडणाऱ्या अवस्थेत येत होती. मालकाला वाटायचं की आपला ठसा नोंदला गेलाय, कारण पेटी त्याच्या बोटाने उघडायची. इथे सेन्सरचा दोष दुय्यम आहे. सुरुवातीची अवस्था ‘उघडी’ ठेवण्याचा निर्णय कुठल्यातरी टेबलावर बसून कोणीतरी घेतला होता. असा निर्णय उद्या तुमच्या टेबलावर येईल. सेटिंग होईपर्यंत पेटी फक्त सोबतच्या किल्लीने उघडेल असं ठेवा. त्यावर गिऱ्हाईक कुरकुरेल. कुरकुरू द्या.

त्याच आयोगाने २००० साली ३२ प्रकारची गन लॉकं तपासली होती आणि दोन सोडून बाकी सगळी किल्लीशिवाय उघडली होती. पुढच्या वर्षी एका सुरक्षा मोहिमेत फुकट वाटलेली सुमारे चार लाख लॉकं परत मागवावी लागली. यानंतर मानकं आली: बाहेरून लावायच्या लॉकसाठी एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं एफ२३६९, मुलांना न उघडणाऱ्या पेट्यांसाठी एफ२४५६. अमेरिकेतल्या २००५ च्या कायद्याने परवानाधारक विक्रेत्याला हँडगनसोबत लॉक किंवा सुरक्षित साठवणुकीचं साधन देणं बंधनकारक केलं, म्हणून तिकडे या मालाला एवढी मागणी. आपल्याकडे परवान्याच्या अर्जासोबत शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी लिहून द्यावी लागते. ती हमी पाळली जाते कशी, ते सराफ बाजारातल्या कुठल्याही गल्ल्याचा ड्रॉवर उघडून बघा.

यंत्रणेबद्दल थोडं. स्वस्त पेटीत लॅच सोलेनॉइडवर (विजेने दांडा ओढणाऱ्या गुंडाळीवर) असतो: वीज आली की दांडा मागे, वीज गेली की स्प्रिंगने पुढे. स्वस्त, जलद, आणि धक्क्याला कच्चा. आपटल्यावर तो दांडा स्वतःच्याच वजनाने हलू शकतो. छोट्या मोटरने फिरणारा कॅम (लॅच सरकवणारी वेड्यावाकड्या आकाराची चकती) थोडा हळू उघडतो, पण धक्क्याने फिरत नाही. मी कॅमच घेते. तो अर्धा सेकंद वाचवायचा असेल तर झाकण उडवणाऱ्या टॉर्शन (पिळाच्या) स्प्रिंगमधून वाचवा. आपत्कालीन किल्लीचं कुलूप अनेक पेट्यांत फर्निचरच्या ड्रॉवरला लावतात तसलंच असतं. पुढे महागडा सेन्सर आणि मागे हे. ट्रिगर लॉक भरलेल्या शस्त्रावर बसवायचं नसतं, हे पाकिटावर ठसठशीत छापायला लावा. लॉकची पिन गार्डमधून आत जाते आणि ट्रिगरला लागू शकते.

अमेरिकन नमुना जसाच्या तसा इथे चालत नाही. तिथल्या पिस्तुलाला केबल मॅगझिनच्या जागेतून आत घेऊन वरून बाहेर काढतात. कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर जुन्या वेब्लीच्या घडणीचं, मधून मोडून उघडणारं. त्याला केबल नळीतून ओवली की फ्रेम मिटतच नाही, फार सोपं काम. पण तयार केबलची जाडी .३२ च्या नळीतून जाते की नाही, हे आधी गेजने बघा. केबलवरचं प्लास्टिकचं आवरण फाटलेलं असेल तर आतल्या तारा नळीला ओरखडे पाडतात आणि मालक दुसऱ्या दिवसापासून केबल लावणं सोडून देतो.

आणि हात. हा भाग पुस्तकात मिळत नाही. रेशन दुकानातलं मशीन म्हाताऱ्या माणसाचा अंगठा घेत नाही, हे आपल्याकडे कोणाला सांगायला लागत नाही. तोच अंगठा रात्री दोन वाजता पेटीवर ठेवायचाय. रावेर-यावलकडच्या केळीवाल्याच्या बोटांवर चिकाचे काळे थर असतात, कापूस वेचणाऱ्याची बोटं बोंडांच्या टोकांनी चिरलेली, सोन्याच्या कारागिराच्या बोटांच्या रेषा घासून गुळगुळीत. ऑफिसात एसीत बसून सेन्सर घेतला की तो शंभर टक्के चालतो.

एका सराफाच्या दुकानात आम्ही बटणांची पेटी तपासायला नेली. आत शस्त्र नव्हतं, तेवढ्याच वजनाचा लोखंडी ठोकळा होता. परवाना दुकानातल्या थोरल्या काकांच्या नावावर, वय सत्तरीकडे. दिवा घालवला आणि त्यांना म्हटलं, उघडा. पेटीवर हात फिरवत त्यांनी पहिलं बटण बरोबर शोधलं, दुसऱ्याला अंगठ्याच्या जाडीने दोन बटणं एकदम दाबली गेली. पुन्हा सुरुवात. पुन्हा तेच. धाकटा मुलगा हसायला लागला तसे काका वैतागून म्हणाले, ‘येळवर उघडी का पन हाई?’ (वेळेवर उघडेल का पण ही?) त्यावर आम्ही बटणांमध्ये उभ्या पट्ट्या दिल्या, मधल्या बटणावर बारीक उंचवटा ठेवला आणि प्रत्येक बोटाला स्वतंत्र खोबण केली. मग काकांचं बोट न बघता जागेवर पडू लागलं. हे डिझाइन पोरांच्या हाताला थोडं मोठं पडतं, तेही बरंच झालं.

आमच्याकडच्या उन्हाचाही विचार ठेवा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो, आणि बंद गाडीत किंवा पत्र्याच्या खोलीत त्याहून कितीतरी जास्त. सतत ताणाखाली असलेला प्लास्टिकचा लॅच अशा उष्णतेत हळूहळू वाकतो. साधे अल्कलाइन सेल गळतात आणि संपर्काच्या पट्ट्या खातात. लिथियमचे घ्या, आणि सेल बाहेरून जोडून पेटी उघडता येईल असे टर्मिनल द्या. भार झेलणारा भाग स्टीलचा ठेवा, झिंक डायकास्टिंग कव्हरला चालेल.

शिकायचं कुठे? मेकॅनिकलची डिग्री किंवा डिप्लोमा असेल तर उत्तम. टूल अँड डाय केलेलं आयटीआयचं पोरगं मला कधीकधी बीईपेक्षा लवकर उपयोगी पडतं, कारण त्याला बर (कापलेल्या धातूच्या कडेला उरणारी खरखरीत धार) कुठे राहते ते हाताला कळतं. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमचे कोर्स चांगले आहेत. सॉलिडवर्क्स सगळ्यांना येतं. टॉलरन्सची (मापात चालणाऱ्या फरकाची) बेरीज फार थोड्यांना येते, म्हणजे पाच भाग एकावर एक आल्यावर लॅचची पकड कमीत कमी किती उरते, ते. जुन्या बाजारातून स्कूटरचं हँडल लॉक, ब्रीफकेसचं नंबर लॉक, कपाटाचं कुलूप आणा, खोला, मापं घ्या, हाताने चित्र काढा. नोकऱ्या ‘गन लॉक’ या नावाने क्वचितच निघतात. गाड्यांची लॉकं, तिजोऱ्या, फर्निचर हार्डवेअर, एटीएमच्या पेट्या या वाटेने या आणि मग इकडे वळा. सुरुवातीचा पगार पुण्याच्या आयटीवाल्या मित्राला सांगू नका.

अर्जासोबत रंगीत रेंडर (कॉम्प्युटरवर बनवलेली चित्रं) पाठवतात बहुतेकजण. मी ती चित्रं फार वेळ बघत नाही. एखाद्या लॅचचं साधं ड्रॉइंग, त्याच्या शेजारी तो कसा कसा बिघडू शकतो याची तुमची स्वतःची यादी, आणि त्यातला निदान एक बिघाड तुम्ही मुद्दाम घडवून आणून तपासल्याचा फोटो, एवढं असेल तर मी फोन करते.