घरात क्रॉनिक फटीग सिंड्रोमचं माणूस असेल तर या चुका टाळा

माझ्या ताईला क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजे दीर्घकाळ न हटणाऱ्या थकव्याचा आजार आहे. गेल्या वर्षी गौरीजेवणाच्या दिवशी ती स्वयंपाकघरात येऊन बसली. स्टुलावर बसून तिने अकरा पुरणपोळ्या लाटल्या, आलेल्या बायकांशी बोलली, हसली. निघताना मावशी मला म्हणाली, "बरी दिसतेय की गं. उगाच घोर लावून घेता तुम्ही." दुसऱ्या दिवशी विसर्जनाच्या वेळी ताई आतल्या खोलीत पडदे ओढून, डोळ्यांवर ओढणी बांधून पडली होती. झांजांचा आवाज तिला सोसत नव्हता, म्हणून आम्ही त्या बाजूला ठेवल्या आणि हळू आवाजात आरती म्हटली. पाण्याचा पेला तिला एका हाताने उचलत नव्हता. त्यातून वर यायला तिला नऊ दिवस लागले.

मावशीने तो एक तास पाहिला, नऊ दिवस पाहिले नाहीत. आमच्याही बहुतेक चुका अशाच झाल्या.

चांगल्या तासावरून तब्येत ठरवणं

या आजाराची खरी ओळख म्हणजे श्रमानंतर येणारी घसरण. ती बहुधा लगेच येत नाही. साधारण बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी येते आणि दिवसचे दिवस, कधी आठवडेही टिकते. श्रम म्हणजे फक्त अंगमेहनत नव्हे. फोनवरचं बोलणं, बँकेचा फॉर्म भरणं, भांडण, अगदी आनंदाचा समारंभसुद्धा त्यात आला. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ साली निदानाचे निकष मांडले, त्यात ही घसरण अत्यावश्यक धरली आहे. सोबत सहा महिन्यांहून जास्त काळ टिकलेला आणि कामं थांबवणारा थकवा, झोपूनही ताजंतवानं न वाटणं, आणि विचार धूसर होणं किंवा उभं राहिल्यावर त्रास वाढणं, या दोहोंपैकी एक तरी.

आम्ही एक वही केली. डावीकडे आज काय केलं, उजवीकडे पुढचे दोन दिवस कसे गेले. तीन आठवड्यांत दिसलं की उभ्याने केस धुणं आणि लांबलेला फोन, या दोन गोष्टी तिला सगळ्यात महाग पडतात. न्हाणीघरात प्लास्टिकचं स्टूल आलं, फोन दहा मिनिटांवर आला. घसरणी थांबल्या नाहीत, पण कमी झाल्या. एवढ्यासाठी ती वही सोन्याची आहे.

"जरा चालून ये, बरं वाटेल"

ही चूक माझी. रोज सकाळी मी तिला हाताला धरून बाहेर न्यायचे आणि दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवायचे. चौथ्या आठवड्यात तिला जिना उतरता येईना. मी मायेनेच करत होते, म्हणून तर ती नाही म्हणू शकली नाही. आजही ते मनाला लागतं.

हा सल्ला काही केवळ घरगुती नव्हता. २०११ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या 'पेस' या, रुग्णांवर उपचार करून पाहणाऱ्या चाचणीच्या आधारे टप्प्याटप्प्याने वाढवत नेण्याचा व्यायाम उपचार म्हणून सांगितला जायचा. त्या चाचणीवर रुग्णांनी आणि संशोधकांनी कडक आक्षेप घेतले. अखेर ऑक्टोबर २०२१ मध्ये ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने नव्या मार्गदर्शक सूचनांत असा व्यायाम देऊ नये असं स्पष्ट लिहिलं. आता भर आहे तो ताकद राखून वापरण्यावर, ज्याला पेसिंग म्हणतात. दमण्याआधी थांबायचं. बरं वाटतंय त्या दिवशीही थांबायचं, आणि हे सगळ्यात अवघड. बरं वाटलं की ताई कपाट आवरायला घेते आणि आपणही खुशीत तिला साड्या काढून देतो. त्या दिवशी हात आखडता घ्यायला तिला आपली साथ लागते.

"रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे मनाचं आहे"

हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२ या तपासण्या करायच्याच, कारण थकव्याची इतर कारणं आधी वगळावी लागतात. पण हा आजार दाखवणारी रक्ततपासणी अजून नाही. १९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये जवळपास तीनशे कर्मचारी अशा आजाराने पडले. १९७० मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी कागदपत्रांवरून त्याला सामूहिक उन्माद ठरवून टाकलं. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र आदल्याच वर्षी त्याची नोंद मज्जासंस्थेच्या आजारांत केली होती. तरी तो शिक्का अजून पुसला गेलेला नाही. "आळशी झालीये" हे वाक्य आमच्या घरातही उच्चारलं गेलंय, आणि ताईने ते भिंतीपलीकडून ऐकलंय.

उलटी चूकही होते. प्रत्येक नवी तक्रार याच आजाराच्या खाती टाकली जाते. छातीत दुखणं, धाप, उतरत चाललेलं वजन, न हटणारा ताप, यांसाठी डॉक्टरांकडे जायचंच. सतत उदास वाटत असेल तर तेही सांगायचं. त्याने मूळ आजार खोटा ठरत नाही. उभं राहिल्यावर धडधड आणि चक्कर येत असेल तर पडून आणि उभं राहून दहा मिनिटांपर्यंत नाडी मोजायला सांगा. मोठ्या माणसात ठोके तीस किंवा जास्त वाढत असतील, तर त्यावर स्वतंत्र उपाय करता येतात.

"काही लागलं तर सांग हं"

काय लागतंय ते ठरवायचं, शब्द जुळवायचे आणि हाक मारायची, यातच तिची शक्ती जाते. त्यापेक्षा "एक वाजता ताट आणते, उठू नकोस" हे बरं. विचारायचंच असेल तर हो-नाहीत उत्तर येईल असं विचारावं. भेटायला एका वेळी एकच जण, पंधरा मिनिटं. आणि "मी पण किती दमते" हे तिच्यापुढे नको. आपला थकवा रात्रीच्या झोपेने उतरतो.

यंदा गौरींचं पुरण शेजारच्या काकू वाटून देणार आहेत. ताईची खुर्ची खोलीच्या दाराशी, म्हणजे उठून आत जायला चार पावलं. लाटायला बसणार का, असं विचारलं तर म्हणाली, "दोनच लाटेन. तिसरी मागितली तरी पोळपाट देऊ नकोस."