दोन नावांत अडलात? आधी दोन्ही नावं घरात वापरून बघा

भाचीच्या बारशाला आठ दिवस उरले तरी आमच्याकडे दोन नावं होती, ज्ञानदा आणि ओवी. ज्ञानदा भावाच्या मनातलं. आमचे बाबा रोज सकाळी ज्ञानेश्वरीचं एक पान मोठ्याने वाचतात, ते ऐकतच तो मोठा झाला. ओवी वहिनीच्या मनातलं. तिची आजी जात्यावर बसून ओव्या म्हणायची, त्यातल्या काही वहिनीला आजही पाठ आहेत. दोन्ही कारणं मनापासूनची, म्हणून कुणीच मागे हटेना. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्याने, म्हणजे मी, त्यामुळे रोज रात्री फोन मलाच.

मी ठाण्यात प्राथमिक शाळेत शिकवते. चोवीस वर्षं रोज सकाळी हजेरी घेते आहे, आणि त्यातून एक गोष्ट पक्की झाली आहे: नाव कागदावर वाचून ठरत नाही, तोंडात घोळवून ठरतं. दोनच नावं उरली आहेत याचा अर्थ दोन्हींचे अर्थ तुम्हाला आवडले आहेत. आता अर्थांच्या याद्या मिटून ठेवा. नक्षत्राचं अक्षर पाळायचं असेल तर तो विचार नावं निवडण्याआधी करायचा असतो, शेवटच्या दोन नावांवर तो आणला की घरात रुसवे होतात. शिवाय हस्त नक्षत्राला पू, ष, ण, ठ ही अक्षरं येतात, ‘ण’वरून मुलीचं नाव काय ठेवणार? आमच्याकडे बाबांनी पत्रिकेतलं जन्मनाव पत्रिकेतच राहू दिलं.

मग पहिली गोष्ट, घाई सोडा. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी हे खरं, पण नोंद नावाशिवायही होते. नाव नंतर 12 महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येतं, त्यापुढे 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. बारसं बाराव्या दिवशी करायचं म्हणून दाखल्यावरही त्याच दिवशी नाव लागलं पाहिजे असं नाही. आमच्या भावाला हे माहीतच नव्हतं, दवाखान्यातल्या अर्जावर नावाचा रकाना रिकामा दिसला की त्याच्या पोटात गोळा यायचा. आणखी एक, नोंद बाळ जिथे जन्मलं तिथे होते. भाऊ राहतो नवी मुंबईत नेरूळला, पण वहिनीचं माहेर नौपाड्यात आणि बाळंतपण ठाण्यातच झालं, म्हणून दाखला ठाणे महापालिकेचा.

आता खरं काम. दोन्ही नावं दिवस वाटून घ्या. आज दिवसभर एक, उद्या दिवसभर दुसरं, आणि सगळ्यांनी तेच वापरायचं. नुसतं नाव उच्चारून उपयोग नाही, ते वाक्यात आलं पाहिजे, विभक्तीत गेलं पाहिजे. ओवीला भूक लागली. ओवीचं लंगोट कुठे आहे? ज्ञानदाला झोप आली. ज्ञानदाने रात्रभर जागवलं. मराठीत नाव आयुष्यभर ला, चा, ने लावूनच जगतं, आणि अडचण असेल तर ती तिथेच कळते. वहिनी एकदा म्हणाली, ‘ज्ञानदा, दादा आला बघ,’ आणि सगळ्यांना ‘ज्ञानदादादा’ असंच ऐकू आलं. चुलतभाऊ, मामेभाऊ सगळे दादाच असणार, तेव्हा हे वाक्य घरात रोज येणार हे धरून चला.

ओवीची अडचण कळली ती न्हाऊ घालणाऱ्या मावशींमुळे. त्या सकाळी आठला यायच्या. मोरीत पाटावर बसून पाय लांब करायच्या, बाळाला पालथं नडग्यांवर घ्यायच्या, कोमट तेल तळहातावर घेऊन मानेपासून टाचेपर्यंत एकच लांब हात फिरवायच्या. मग तांब्याने गरम पाणी, मग दुपट्यात घट्ट गुंडाळून शेगडीवर ओवा टाकून धुरी. त्या दिवशी ओवीची पाळी होती. मावशी धुरी देत म्हणाल्या, ‘ओव्याची धुरी झाली, आता ओवीला निजवा.’ ओवा, ओवी, ओव्याची, ओव्या. वहिनी पदरात बाळ घेताना जरा थांबली. मी शाळेत बघते, मुलं नावाशी जुळणारा शब्द तासाभरात शोधून काढतात. तेवढ्यासाठी नाव टाकावं असं मी म्हणणार नाही, पण तो शब्द आधी आपल्याला माहीत असावा.

दुसऱ्या दिवशी ज्ञानदाची पाळी. मावशींनी एकदाच विचारलं, ‘काय म्हणालात?’ आणि दुपट्याची गाठ मारेपर्यंत त्यांची ‘ज्ञाना’ झाली होती. लाडाचं नाव आपण ठरवत नाही, ते असं कामाच्या हाताखाली तयार होतं. ते तुम्हाला आवडतंय का, एवढं मात्र बघा, कारण पुष्कळ मुलींना मोठ्या नावाने इयत्ता पाचवीच्या पुढेच कुणी हाक मारतं.

हाकही लांबवून बघा. वहिनीच्या माहेरची गॅलरी तिसऱ्या मजल्यावर आहे, खाली रस्त्यावर रिक्षांचा गलका. मी गॅलरीतून भावाला खाली उभं करून दोन्ही हाका मारल्या. दोन्ही पोचल्या, पण ‘आ’वर संपणारं नाव हवं तितकं लांबवता येतं.

मग शेजार. ठाण्यात नौपाड्यात ज्ञानदा म्हटलं की सहसा पुन्हा विचारणार नाहीत. नेरूळला भावाच्या मजल्यावर एक मल्याळी घर, एक उत्तर प्रदेशातलं, एक गुजराती. मराठीत ‘ज्ञ’ आपण द्न्य म्हणतो, हिंदीत तो ग्य होतो. भावाने तिन्ही दारांत विचारलं तर तीन उच्चार घेऊन आला, ओवी मात्र सगळीकडे एकच. नवी मुंबईत वाढणाऱ्या मुलीसाठी ही गोष्ट लहान नाही. पण याची दुसरी बाजू मी हजेरीत बघते. माझ्या गेल्या दोन वर्गांत मिळून तीन ओवी होत्या. मग ओवी पी., ओवी एस. असं आडनावाचं अक्षर लागतं आणि ते मुलीला चिकटून राहतं. अवघड नाव चार वेळा सांगावं लागतं, पण ते तिचं एकटीचं असतं. सोपं नाव पटकन कळतं, पण वाटून घ्यावं लागतं. तुमच्या घराला यातलं कोणतं ओझं हलकं वाटतं, ते घरात मोकळेपणाने बोला.

पूर्ण नाव एकदा लिहून मोठ्याने वाचा. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळाचं नाव आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव अशा क्रमाने लागतं. आतापर्यंत आपण बाळाच्या नावाला बाबांचं नाव जोडून बघत होतो, आता लगेच आईचं येतं. आमचं आडनाव चार अक्षरी, त्यात एक जोडाक्षर. ज्ञानदा पुढे आलं की नाव दोन्ही टोकांना जड होतं, हे मला मान्य करावं लागलं.

आणि निवाडा कुणाचा? आईबाबांचा. आजोबा, आत्या, मावशी यांनी एकदा मत सांगावं आणि गप्प बसावं. मी माझं मत सांगितलंच नव्हतं. सहाव्या दिवशी सकाळी वहिनी म्हणाली, ‘ताई, काल पहाटे तीनला ही रडत उठली. डोळे उघडायच्या आधी माझ्या तोंडून ज्ञाना गं, ज्ञाना, असं आलं.’ ओवी हवी होती ती तिलाच. भाऊ काही बोलला नाही, फक्त पाळण्याची दोरी नीट करायला लागला.

नाव ठरल्यावर एक काम राहतं, आणि ते बारशाच्या गडबडीत उरकू नका. दाखल्यावर नाव मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही येतं. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, आधार, वाहन परवाना, मतदारयादी या सगळ्यासाठी हाच दाखला धरला जातो. माझ्या वर्गातल्या एका ऋतुजाच्या दाखल्यावर आर-यू होतं आणि आधारवर आर-आय, तिच्या आईने त्यासाठी किती खेपा घातल्या ते मी पाहिलं आहे. भावाने कागदावर ज्ञानदाचं स्पेलिंग मोठ्या अक्षरांत लिहिलं, डी, एन, वाय, ए, एन, ए, डी, ए. ते वहिनीने वाचलं, बाबांनी चष्मा लावून वाचलं, मी वाचलं. मग त्याने त्याचा फोटो काढून घरातल्या सगळ्यांना पाठवला, म्हणजे पुढे अर्ज कुणीही भरला तरी अक्षरं तीच राहतील.