रात्रीची दारू सकाळी 'उतरली' असे समजता? या चुका टाळा

आषाढातल्या रविवारी रात्री तांबड्या-पांढऱ्या रश्श्याबरोबर बैठक रंगते आणि सोमवारी सकाळी सातच्या पाळीसाठी त्यातलीच काही माणसे दुचाकी काढून शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या औद्योगिक वसाहतीकडे निघतात. डोके हलके आहे, पाय लटपटत नाहीत, म्हणजे दारू उतरली, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. मात्र नशा उतरणे आणि रक्तातील दारू संपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ब्रेथ अ‍ॅनालायझरला फक्त दुसरी कळते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे किती प्यायलो हे न पाहता केवळ झोपेचे तास मोजणे. यकृत दारूचे विघटन ठरावीक वेगाने करते. रक्तातील प्रमाण साधारणपणे तासाला १०० मिलिलिटरमागे १५ मिलिग्रॅमने कमी होते, कोणाचे १० ने, तर कोणाचे २० ने. जास्त प्यायलो म्हणून यकृत घाई करत नाही. ४२.८ टक्के व्हिस्कीच्या ६० मिलिलिटरच्या एका पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. सत्तर किलो वजनाच्या पुरुषाने रात्री नऊपासून असे चार पेग घेतले, तर ढोबळ हिशेबाने रक्तातील प्रमाण १७० मिलिग्रॅमच्या घरात जाते. त्यातून सकाळी सहापर्यंतच्या नऊ तासांचे १३५ वजा केले, तरी ३५ शिल्लक राहतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणजे रात्रभर झोपलेला, आंघोळ करून डबा घेऊन निघालेला हा माणूस कायद्याच्या दृष्टीने मद्यपी चालकच असतो. ज्याचे विघटन तासाला १२ मिलिग्रॅमनेच होते, त्याच्या रक्तात त्या वेळी ६० च्या आसपास दारू असेल. वजन कमी असलेल्यांमध्ये, तसेच शरीरातील पाण्याचे प्रमाण कमी असल्याने बहुतेक स्त्रियांमध्ये, तेवढ्याच पेगांनी हा आकडा आणखी वर जातो.

'मी फक्त बिअर घेतली' हा हिशेबही फसवा आहे. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम अल्कोहोल असते, म्हणजे ती एक बाटली वरच्या मापाचे दोन पेग झाली.

त्यानंतर येतात उतारे. लिंबू-पाणी, ताक, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, घाम फोडणारा झणझणीत रस्सा यांपैकी कशानेही यकृताचा वेग वाढत नाही, कारण ९० टक्क्यांहून अधिक दारू तेथेच संपते आणि श्वास, लघवी व घाम यांतून फारच थोडी बाहेर पडते. जेवून प्यायल्यास दारू रक्तात हळू भिनते हे खरे. पण एकदा भिनल्यावर सकाळच्या मिसळीने ती शोषली जात नाही. पान, वेलची किंवा बडीशेपेने तोंडाचा वास झाकला जातो, परंतु यंत्र वास हुंगत नसून फुप्फुसांतून येणाऱ्या हवेतील अल्कोहोल मोजते. कॉफीबद्दल मला विशेष चिंता वाटते, कारण तिच्यामुळे माणूस ताजातवाना होतो, त्याला स्वतःबद्दल खात्री वाटू लागते आणि प्रतिक्रिया मंदावलेली असतानाच तो महामार्गावर ट्रकच्या बाजूने गाडी घालतो.

सगळ्या चाचण्या एकच मानणे हीसुद्धा चूक आहे. रक्तात व श्वासात दारू साधारण १२ तासांपर्यंत, लघवीत १२ ते २४ तासांपर्यंत सापडू शकते. भरपूर प्यायल्यास अधिक काळ. लघवीतील इथाइल ग्लुक्युरोनाइड हा विघटनातून तयार होणारा पदार्थ तीन दिवसांपर्यंत दिसू शकतो आणि केसांमध्ये त्याचा माग सुमारे ९० दिवस राहतो. अशा चाचण्या व्यसनमुक्तीच्या उपचारांत उपयोगी पडतात. माणूस आत्ता नशेत आहे का, हे त्यांवरून ठरत नाही.

न पिताही यंत्राने आकडा दाखवला तर वाद घालू नये. माउथवॉश, खोकल्याची काही औषधे, होमिओपॅथीचे थेंब, तसेच दशमूलारिष्टासारखी आसवे-अरिष्टे यांतील अल्कोहोल काही मिनिटे तोंडात राहते. काय घेतले ते स्पष्ट सांगावे, १५ मिनिटे काहीही न खाता-पिता थांबावे आणि पुन्हा चाचणी मागावी. आकडा तरीही कायम राहिला, तर रक्ततपासणीची विनंती करावी आणि रक्त घेण्यापूर्वी त्वचा स्पिरिटच्या बोळ्याने पुसली जात नाही ना, एवढे पाहावे.