रस्त्यावरचं खाणं उचलणारा ट्रेनिंगमधला लॅब्रा

आमचा लॅब्रा (लॅब्राडॉर कुत्रा) दहा महिन्यांचा, आईच्या व्हीलचेअरसोबत चालायला शिकतोय. वडापावचा कागद दिसला की खुर्चीसकट ओढायचा. ओरडले, पट्टा खेचला, तोंडातून काढून घेतलं तर उलट पटकन गिळायला लागला. वैतागून रडू यायचं बाकी होतं.

मग बिस्किट बंद मुठीत धरलं, तो चाटतो, पंजा मारतो, आपण गप्प. नाक मागे घेतलं की त्याच सेकंदाला 'छान' आणि दुसऱ्या हातातून उकडलेलं चिकन, मुठीतलं कधीच नाही. मग उघडा तळवा, मग जमिनीवर चपलेखाली, आणि आज्ञेचा शब्द इथून पुढे, तोही 'नको' कारण 'सोड' म्हणजे उचललेली किल्ली हातात दे असं त्याला आधीच शिकवलंय. मग पट्ट्यावर सहा फुटांवरून, रोज थोडं जवळ. पाच मिनिटं, दोनदा. खुर्ची सगळ्यात शेवटी. तीन आठवडे लागले, काल कागद बघून मान थेट माझ्या खिशाकडे.