गोझोला जाताना एका बाजूनेच पैसे मोजा

माल्टाची राजधानी व्हॅलेटा येथे मुक्काम करून गोझो बेटावर एका दिवसाची सहल करणारे बहुतेक प्रवासी जाता-येता दोन्ही वेळा जलद बोटीचे तिकीट काढतात आणि विनाकारण जास्त खर्च करतात.

त्याऐवजी सकाळी व्हॅलेटाच्या बसस्थानकावरून ४१ क्रमांकाच्या बसने चिर्केव्वा धक्क्यावर जावे. तेथून मोटारी वाहून नेणारी मोठी फेरीबोट साधारण २५ मिनिटांत गोझोच्या इम्जार बंदरात पोहोचवते आणि जाताना कोणी तिकीट मागत नाही, कारण या फेरीबोटीचे भाडे फक्त परतताना, इम्जारलाच घेतले जाते. बसला तासाहून अधिक वेळ लागतो, हे मात्र खरे.

संध्याकाळी परतताना इम्जारहून थेट व्हॅलेटाला येणारी जलद बोट घ्यावी. सुमारे पाऊण तासात ती व्हॅलेटाच्या ग्रँड हार्बर या बंदरात शिरते आणि दोन्ही बाजूंचे पिवळसर दगडी तट अगदी जवळून दिसतात. धक्क्यापासून थोड्याच अंतरावर बराक्का लिफ्ट आहे. दिवसभराच्या पायपिटीनंतर शहरातील चढ चढण्यापेक्षा ५८ मीटर उंचीची ही लिफ्ट घेऊन थेट वरच्या बागेत निघालेले बरे.

वारा जोराचा असला की जलद बोट रद्द होते, म्हणून इम्जारला पोहोचल्यावरच परतीची चौकशी करावी. बोट नसेल, तर मोठ्या फेरीबोटीचे भाडे भरून आल्या वाटेने परतावे.