माऊस बंद पडला, तरी हिशेब पूर्ण झाला
कोल्हापुरात शाहूपुरीतील गुळाच्या पेढीवर मी हिशेब लिहितो. ऐन हंगामात, आवकेच्या नोंदी एक्सेलमध्ये भरत असतानाच माऊस बंद पडला आणि दुकाने तर मिटलेली होती. कंट्रोल धरून खालचा बाण दाबताच कर्सर थेट शेवटच्या भरलेल्या सेलवर पोहोचला. त्याखालच्या सेलमध्ये जाऊन आल्ट आणि बरोबरचे चिन्ह दाबल्यावर बेरजेचे सूत्र आपोआप उमटले. उजव्या क्लिकचे काम शिफ्ट आणि एफ १० या कळांनी भागते, हेही तेव्हाच कळले. मात्र मध्ये एखादी सेल रिकामी असेल तर कर्सर तिच्या अलीकडेच थांबतो, म्हणून बेरजेत कोणत्या ओळी धरल्या आहेत हे एंटर दाबण्यापूर्वी तपासावेच. आता नवा माऊस आहे, पण नोंदी मी कळफलकावरूनच करतो.