कॅनडात मुलासाठी डिसॅबिलिटी बेनिफिट: डॉक्टरला "तसं बरंय" सांगू नका

नुकतेच कॅनडात आलात आणि मुलाला ऑटिझम किंवा ऐकण्या-बोलण्याचा त्रास असेल तर दोन अर्ज लक्षात ठेवा, एक सीसीबी म्हणजे चाइल्ड बेनिफिटचा (मुलांसाठी सरकार दर महिन्याला देतं ते पैसे) आणि दुसरा टी-२२०१, म्हणजे टॅक्स खात्याकडे (सीआरए) मुलाचं अपंगत्व मान्य करून घ्यायचा फॉर्म. सीसीबी चालू नसेल तर डिसॅबिलिटीचे महिन्याचे पैसे येत नाहीत. पीआरवाल्यांना (कायम राहायचा परवाना असलेल्यांना) सीसीबीचा अर्ज लगेच भरता येतो, वर्क परमिटवाल्यांना आधी १८ महिने इथे काढावे लागतात. आणि टॅक्स रिटर्न नवराबायको दोघांनी दरवर्षी भरायचा, इन्कम शून्य असलं तरी.

टी-२२०१ चा पहिला भाग आपला, दुसरा डॉक्टरचा. मंजूर झाला की पैसे सीसीबीसोबतच येतात, जुलै २०२५ ते जून २०२६ साठी वर्षाला जास्तीत जास्त ३,४११ डॉलर, इन्कम जास्त तर कमी होतात, टॅक्स नाही.

आता खरी गोम. इथे नुसतं आजाराचं नाव बघत नाहीत, रोजच्या जगण्यात काय अडतं ते बघतात. भारतातल्या यूडीआयडी (अपंगत्वाच्या) कार्डावरचे टक्के इथे कोणी विचारत नाही (जुने रिपोर्ट मात्र आणा). आणि आपली सवय कशी, पोराचं कमी कुणापुढे सांगायचं नाही, डॉक्टरने विचारलं की "तसं बरंय हो, हुशार आहे, सगळं कळतं त्याला", मग डॉक्टर तेवढंच लिहिणार आणि अर्ज परत! त्यापेक्षा आठवडाभर वहीत टिपा, कपडे घालायला किती वेळ लागतो, एकच गोष्ट किती वेळा सांगावी लागते, रस्त्यावर हात सोडून पळतो का, आणि ते पान डॉक्टरच्या हातात द्या. तुलना त्याच वयाच्या मुलांशी होते, दोन वर्षांच्याला भरवावं लागतं यात काही विशेष नाही, आठ वर्षांच्याला भरवावं लागत असेल तर ते ठळक लिहा.

टोरोंटोजवळ ब्रॅम्प्टन-मिसिसागाकडे फॅमिली डॉक्टर मिळायलाच वेळ लागतो, पण त्याचीच सही हवी असं नाही. नर्स प्रॅक्टिशनर (डॉक्टरसारखं तपासायचा अधिकार असलेली नर्स) चालते, ऐकण्यासाठी ऑडिओलॉजिस्ट, बोलण्यासाठी स्पीच थेरपिस्टही. सहीची फी मागतात, ती आपल्या खिशातून. "मिळणाऱ्या टॅक्स रिफंडातले अमुक टक्के द्या, आम्ही भरून देतो" म्हणणाऱ्यांच्या नादी मात्र लागू नका, फॉर्म फुकट आहे.

टॅक्स खातं नाही म्हणालं तर पत्रातलं कारण वाचा, डॉक्टरकडून जास्तीची माहिती पाठवून फेरविचार मागता येतो, रीतसर हरकत घ्यायची तर ९० दिवसांत. मंजूर झाला तरी पत्रात शेवटचं वर्ष दिलंय का ते बघून ठेवा, असेल तर ते संपायच्या आत नवा फॉर्म.